आधी बुटाचा तळ दाखवा

हुसेनभाईंवर पाणीचोरीचा आळ आपट्यांनी घेतला. उन्हाळी सुट्टीसाठी बायकामुलांना गावी पाठवायचा तो आठवडा होता. बुधवार होता, दुपारची अजान व्हायला थोडाच वेळ होता, आणि रिसेप्शनमध्ये अर्धं ऑफिस उभं होतं. "तू मीठा पानी बाहर बेचता है," असं आपटे सगळ्यांदेखत म्हणाले. मराठी माणूस मराठी माणसाला, हिंदीत.

'हुसेनभाईंवर आळ घेतला गेला' असं मी लिहीत नाही. पत्रकं लिहून लिहून मला तशी वाक्यं लिहायची सवय लागली होती. ती ज्यांनी मोडली, त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे.

त्यांचं नाव देत नाही. दिलं तर ते फोन करून विचारतील, "काहून?" अकोल्याकडे 'का'ला 'काहून' म्हणतात, आणि या एका शब्दावर त्यांनी ओमानमध्ये नव्वदचं सगळं दशक आणि पुढची काही वर्षं काढली. सप्लायर म्हणाला, माल उद्या, इन्शाल्ला. काहून उद्या? डॉक्टर म्हणाले, चहा कमी करा. काहून? मस्कतमधल्या रुवीच्या दुकानदाराने चादरीची किंमत सांगितली की हे किंमत सोडून विचारत, चादर निळीच काहून? ऑफिसात आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही त्यांना सगळे काहूनसाहेब म्हणू लागले. आमचे अर्बाब, म्हणजे कंपनीचे ओमानी मालक, तेही 'काहून' असाच आवाज द्यायचे. त्यांना ते आडनाव वाटायचं.

कंपनी मस्कतच्या गाला भागातली. पुढे ऑफिस, मागे पत्र्याची गोदामं, मधे मातीचं मोठं आवार. तेलविहिरी खोदायला लागणारी रसायनं आम्ही विकायचो. काहूनसाहेब केमिकल इंजिनिअर, मालाची तपासणी त्यांच्याकडे. मी हिशेब खात्यात, पुण्याहून नुकतीच आलेली, कॉलेजच्या चळवळीतली चार वर्षं पाठीशी आणि घसा कायम बसलेला. आपटे अ‍ॅडमिन मॅनेजर. आणि हुसेनभाई दापोलीकडचे, आमचे फर्राश: चहा करणं, फायली पोचवणं, झाडणं, पुसणं, जे कुणाचंच काम नाही ते सगळं करणं.

काहूनसाहेबांची ओळख म्हणजे त्यांची पिशवी. ऑफिसच्या दाराशी आले की ते बूट काढायचे, एकमेकांवर आपटून झाडायचे, एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात घेऊन मोज्यांवर आत शिरायचे. टेबलाखाली त्यांच्या साध्या चपला असत. अर्बाबांकडे पाहुणे आलेले असोत, बँकेची माणसं असोत, पिशवी हलवत हा माणूस मधून चालत जाणार. नव्या रिसेप्शनिस्टला पहिल्या दिवशी तो कुणी कुरिअरवाला वाटला होता आणि तिने सहीसाठी हात पुढे केला होता.

आपट्यांना हे सहन व्हायचं नाही. एकदा चहाच्या वेळी ते हसत म्हणाले, "काय हो साहेब, तुमच्यात कधीपासून सोवळं पाळायला लागले?"

'तुमच्यात' या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला होता. काहूनसाहेब बौद्ध, हे सगळ्यांना माहीत होतं. चहाचे कप हवेत थांबले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर काहूनसाहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सोवळं म्हणजे दुसऱ्याची घाण आपल्याला लागू नये. मी माझी घाण दुसऱ्याला लागू देत नाही. उलटं आहे, आपटेसाहेब. सावकाश विचार करा, समजेल."

आणि चहा संपवून गेले. मोज्यांवर. पावलांचा आवाजसुद्धा नाही.

शुक्रवारी त्यांच्या रुवीच्या फ्लॅटवर बुद्धवंदना असायची. मीही जायचे. कुणी सोहारहून यायचं, कुणी निझव्याहून. दाराबाहेर चपलाबुटांचा ढीग पडायचा आणि काहूनसाहेब वंदनेआधी तो ढीग लावत बसायचे. प्रत्येक जोड तोंड बाहेर करून, म्हणजे निघताना माणसाला वळावं लागू नये. लावता लावता ते तळ बघायचे. "हा वादी कबीरहून आला, याला डांबर आहे." "ही बाई समुद्रावर जाऊन आली, आम्हाला न घेता." "निझव्याची लाल माती. काय रे, रस्ता सोडून कुठं गेला होतास?" चुकायचे क्वचित. पोरं मुद्दाम बुटाला काहीबाही फासून यायची त्यांना फसवायला. एकाने केचप लावला होता. काहूनसाहेबांनी वास घेतला आणि म्हणाले, "बर्गरच्या दुकानातून आलास, आणि अर्धवट खाऊन आलास. अरे, याला जेवायला कमी वाढा."

असा हा माणूस. त्या बुधवारी तो ऑफिसात नव्हता. दोन महिने दूर, सूर गावच्या साइटवर होता.

झालं होतं ते असं. रिसेप्शनच्या राखाडी कार्पेटवर उन्हाळा लागल्यापासून डाग पडायला लागले होते. कडेला पांढरे, मधे काळपट आणि चिकट. दारापासून लिफ्टपर्यंत, आणि दारातल्या पायपुसण्यावर सगळ्यात जास्त. हुसेनभाई पुसायचे, डाग जायचा, दुसऱ्या दिवशी परत वर. आपटे म्हणायचे, साबण जास्त घाल. हुसेनभाई जास्त घालायचे. डाग वाढायचे.

आता ओमानमधलं पाणी. एक टँकरचं गोडं. अरबीतही ते गोडंच, 'माय हिलू'. दुसरं विहिरीचं खारं. आमच्या आवारात दोघांच्या वेगळ्या टाक्या होत्या. फरशी आणि कार्पेट गोड्या पाण्याने पुसायचं, आवार आणि गाड्या खाऱ्याने. आपट्यांनी डोकं चालवलं: पांढरं म्हणजे मीठ, मीठ म्हणजे खारं पाणी. मग गोडं पाणी गेलं कुठे? शेजारच्या गॅरेजला विकलं. पुरावा काय, तर कार्पेटवर डाग आणि ज्याच्या हातात पोछा आहे तो माणूस. एवढ्यावर बुधवारी निकाल लागला. अर्बाब सलालाहून सोमवारी येणार, तेव्हा व्हिसा कॅन्सल करून हुसेनभाईंना घरी पाठवायचं.

मी पॅन्ट्रीत गेले तेव्हा हुसेनभाई कप धूत होते. धुतलेलेच कप परत धूत होते.

"जायला काय, जाईन," ते म्हणाले. "माझ्या शब्दावर गावातली चार पोरं इथं लागलीत. आता गावात काय सांगू? चोर म्हनून आलो? मी पानी नाय इकला, बाय."

मी गुरुवारी पत्रक लिहून काढलं. चांगलं जहाल होतं. शुक्रवारी वंदनेला गेले तर काहूनसाहेब सूरहून आलेले. सगळे जेवून गेल्यावर मी ते त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. पहिल्याच ओळीवर बोट.

"'श्रमिकांवर घोर अन्याय झालेला आहे.' हा आपोआप झाला का? पाऊस झाला, तसा?"

"म्हणजे काय, आपट्यांनी केला."

"मग आपटे कुठे आहेत यात? आणि श्रमिक म्हणजे कोण? हुसेनभाईंना नाव आहे ना?"

"सर, आपण सोमवारी हे वाटू. सगळ्यांनी काम बंद करायचं."

"आणि मंगळवारी तुला आणि त्यांना एकाच विमानात बसवतील. शेजारशेजारची सीट. तू त्यांना पत्रक वाचून दाखव." चष्मा काढला. "डाग कशाचा आहे?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, डागाचा प्रश्न नाही, व्यवस्थेचा प्रश्न आहे.

"व्यवस्थेचा आहेच. ज्याच्या हातात झाडू, डाग त्याचा. ही पद्धत आमच्या गावात पाहूनच मी मोठा झालो. इथं विमानाने आणायची काही गरज नव्हती. पण ती मोडायची तर डाग कशाचा ते आधी सांगता आलं पाहिजे. नाहीतर आपटे म्हणतील चोर, तू म्हणशील चोर नाही, आणि अर्बाब ज्याला टाय आहे त्याचं ऐकतील."

शनिवारी सकाळी, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, काहूनसाहेब नेहमीसारखे दारात बूट काढून पिशवी घेऊन शिरले. चार पावलं टाकली आणि थांबले. एक पाय वर उचलून त्यांनी मोजा चाचपला.

"ओलं आहे."

"हुसेनभाईंनी आत्ता पुसलं असेल," मी म्हणाले.

हुसेनभाई पॅन्ट्रीच्या दारातून म्हणाले, "बुधवारपासून पोछा काढून घेतलाय माझ्याकडनं. कुणी नाय पुसला."

जुलै महिना तोंडावर, दोन दिवस ऑफिस बंद, आणि कार्पेट ओलं. मस्कतमध्ये दोरीवरचं धुणं तासाभरात कडक होतं. बूट घालून चालणाऱ्या एकालाही हे कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. काहूनसाहेब खाली बसले, बोटाने कार्पेट दाबलं, बोट अंगठ्यावर चोळलं. तेलकट. मग तसेच मोज्यांवर, तापलेल्या आवारात, गोदामापर्यंत गेले आणि परत आले ते हसत.

"बर्फ," ते म्हणाले.

गोदामात कॅल्शियम क्लोराइडची पोती होती. त्यावर बर्फाच्या फुलाचं निळं चित्र. थंड देशांत हे मीठ हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात, बर्फ वितळायला. आम्ही ते तेलविहिरींसाठी आणायचो. त्याचा गुण असा की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं राहतं. म्हणून मातीवर शिंपडलं तर धूळ उडत नाही. आणि उन्हाळा लागल्यापासून आमच्या आवारात फाटलेल्या पोत्यांतलं मीठ पाण्यात कालवून रोज शिंपडलं जात होतं, कारण अर्बाबांच्या पांढऱ्या गाडीवर धूळ बसायची. हुकूम आपट्यांचा. ते त्या कल्पनेवर खूश होते, मीटिंगमध्ये दोनदा सांगून झालं होतं.

"आता हे बघ," काहूनसाहेब मला म्हणाले. "मीठ बुटाला लागतं, बूट कार्पेटवर येतो. कार्पेटला मीठ लागलं की ते रात्रभर हवा पीत बसतं. त्यावर साबण टाकला की साबण फाटतो, दूध फाटतं तसा, आणि त्याचा चोथा धाग्यात बसतो. वर आणखी साबण. आणखी चोथा. थंड देशांत सगळ्यांच्या दारात हिवाळाभर हाच डाग असतो. तिथं कुणी फर्राशला चोर म्हणत नसेल अशी आशा आहे. हुसेनभाई जेवढं मन लावून घासत होते तेवढा डाग पक्का होत होता. आणि घासायला कोण सांगत होतं?"

मला तिथल्या तिथे आपट्यांच्या केबिनमध्ये जायचं होतं. काहूनसाहेबांनी दंडाला धरून बसवलं. "नुसतं सांगून होणार नाही. काढून दाखवायचा. सोमवारी."

त्यासाठी व्हिनेगर लागणार होतं. काहूनसाहेबांचं अरबी बाटल्यांवरची लेबलं वाचून शिकलेलं, आणि व्हिनेगरला अरबीत 'खल' म्हणतात याचा त्यांना फार आनंद होता. रविवारी त्यांनी गोदामात फोन करून मालवणच्या सावंतांना सांगितलं, "उद्या सकाळी खल लागेल, तेवढा घेऊन या."

सोमवारी सकाळी सावंत घामाघूम होऊन आले. कडेवर मूल घ्यावं तसा त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला दगडी खल घेतला होता. बत्त्यासकट.

"बायको देत नव्हती," ते म्हणाले. "सासूने दिलेला आहे. विमानातून आणलाय. सांभाळून वापरा हां."

काहूनसाहेब त्या खलाकडे बघत राहिले. "सावंत, व्हिनेगर पाहिजे होतं."

"मग व्हिनेगर म्हणायचं ना. शिर्का म्हणायचं. खल म्हणजे खल."

मी सुपरमार्केटला पळाले. मी परत आले तेव्हा अर्बाब आले होते, आपटे फाइल घेऊन त्यांच्याशेजारी उभे होते, आणि काहूनसाहेब रिसेप्शनच्या मधोमध, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बादली शेजारी ठेवून बसले होते. हुसेनभाई पोछा घ्यायला पुढे झाले.

"तुम्ही नाही," काहूनसाहेब म्हणाले. "तुम्ही सोफ्यावर बसा. पाहुण्यांच्या. चहा घ्या."

हुसेनभाई बसले. सोफ्याच्या अगदी कडेवर, जणू सोफा दुसऱ्या कुणाचा राखून ठेवलेला आहे.

काहूनसाहेबांनी आधी व्हॅक्यूम क्लीनरने कण ओढून घेतले. मग कोमट गोड्या पाण्यात व्हिनेगर मिसळून एका डागावर ओतलं आणि हाताची घडी घालून बसले. "घासायचं नाही. थांबायचं." अर्बाब नाकाला मुंडाशाचं टोक लावून बघत होते. मग साहेबांनी डागावर कोरडा टॉवेल टाकला आणि इकडेतिकडे पाहिलं. टॉवेल दाबून ठेवायला वजन पाहिजे होतं. सावंतांचा खल तिथेच होता. सासूबाईंचा खल अलगद टॉवेलावर बसला. सावंत जिंकल्यासारखे उभे राहिले.

तेवढ्यात काहूनसाहेब अर्बाबांकडे वळले. हिंदीत म्हणाले, "अर्बाब, आपकी मजलिस कौन साफ करता है?"

"हुसेन."

"बाल्टी कौनसी?"

"यही."

"पानी?"

"यही पानी."

"मजलिस में दाग है?"

अर्बाबांनी मान हलवली. नाही.

"काहून?"

मजलिस, म्हणजे अर्बाबांची पाहुण्यांना बसवायची खोली, रिसेप्शनला लागूनच होती, दार उघडं होतं, आणि दाराबाहेर त्या सकाळी आलेल्या पाहुण्यांच्या चपला पडल्या होत्या. तिथे बूट घालून कुणी जात नाही. अर्बाबांनी चपलांकडे पाहिलं, मग कार्पेटकडे, मग स्वतःच्या पायांकडे. मग त्यांनी आपली चप्पल काढली आणि अनवाणी डागावर पाय ठेवला. ओलं लागलं असणार, कारण त्यांनी पाय चटकन मागे घेतला.

"आपटेसाहेब, बुटाचा तळ दाखवा," काहूनसाहेब म्हणाले.

"काय चाललंय हे?"

"दाखवा ना. हुसेनभाईंचे हात तुम्ही बुधवारी बघितले. आज आम्ही तुमचा तळ बघतो."

अर्बाबांनी भुवई उचलली. आपट्यांनी भिंतीला हात टेकून बूट काढला. तळाच्या खाचांतून पांढरं मीठ भरलं होतं, ओलं, शिळ्या भातासारखं. त्यात चोरी नव्हती. आवारातून चालत आलेल्या कुठल्याही माणसाचा बूट तसाच निघाला असता. माझाही तसाच होता.

खल उचलला. टॉवेल तपकिरी झाला होता. खाली गोल, स्वच्छ, कोरडा होत चाललेला राखाडी तुकडा. साऱ्या रिसेप्शनमध्ये तेवढंच कार्पेट खरं दिसत होतं.

अर्बाब म्हणाले, "खलास. हुसेन रहेगा," आणि आत गेले. आपटेही निघाले.

"खलास नाही," काहूनसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते दारात उभे होते आणि बाजूला होत नव्हते. "बुधवारी तुम्ही इथंच उभे होता. इथंच बोललात. ते परत घ्या."

"अहो, राहिला ना तो. झालं ना काम."

"काम झालं. शब्द राहिला."

आपट्यांनी सोफ्याकडे न बघता म्हटलं, "सॉरी, हुसेनभाई."

"सॉरी बसमध्ये धक्का लागला की म्हणतात. मराठीत म्हणा. हुसेनभाईंना मराठी येतं. बुधवारीही येत होतं."

लिफ्ट येऊन उघडली, बंद झाली. आपट्यांच्या एका पायात बूट होता, एक हातात होता. ते हुसेनभाईंकडे वळले.

"माझं चुकलं, हुसेनभाई."

हुसेनभाई उठून उभे राहिले. "बसा, साहेब," ते म्हणाले. "चा घेऊन येतो." आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, थांबले, परत सोफ्यावर बसले, या वेळी पाठ टेकून. "नायतर असं करू. आज सावंत आणतील."

सावंतांनी आणला.

आवारात मीठ शिंपडणं बंद झालं नाही. दाराजवळचं तेवढं थांबलं, आणि बाहेर बूट झाडायला जाळी बसली. काहूनसाहेब पुढे सूरला कायमचे गेले, तिथून गावी. जाताना मी विचारलं, पिशवी मला देता का? म्हणाले, "काहून? तुझी तू आण."

मी आणली. आता मी सफाई कामगारांच्या तक्रारी घेऊन ऑफिसा-ऑफिसांत जाते, आणि दारात बूट काढते. लोक हसतात. हसू देत. मोज्यांना बरंच काही कळतं.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्याही ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, घरात कुणीतरी पुसणारा आहे, आणि कधीतरी एखाद्या डागासाठी तुम्ही त्याला चारचौघांत बोलला आहात. उद्या दारातल्या पायपुसण्यावर थांबा. बूट काढा, उलटा करा, तळ बघा. मग आत जा, जिथे उभं राहून बोलला होतात तिथेच उभे राहा, आणि त्याला समजेल अशा भाषेत, त्याचं नाव घेऊन, तेच लोक ऐकत असताना म्हणा: माझं चुकलं.